माझ्या उजेडात न दिसलेला लाल

मी लाल काचेचा कंदील बोलतोय. दौंडहून बारामतीला येणाऱ्या छोट्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागे मी पंधरा वर्षं लटकलो. मला बघून भलेभले थांबायचे, त्याचा मला भारी तोरा होता. मग माझा पत्रा पिचला आणि मी मोडीत गेलो. तिथून १९३७ साली मला उचललं डॉक्टर लीलाबाईंनी.

बाईंनी दवाखान्यामागच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद डकवला आणि मला टेबलावर ठेवलं. अंधुक उजेडातही माणसाला दिसतं, ते डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या कशामुळे, याचा त्या शोध घेत होत्या. त्यासाठी मेंढीचे ताजे डोळे लागत. पांढऱ्या उजेडात त्या पडद्याचा रंग उडून जातो, माझ्या लाल उजेडात मात्र टिकतो. म्हणून माझी नेमणूक!

डोळे आणायचे धनगर म्हस्कूतात्या. त्यांचा मेंढवाडा काटेवाडीच्या रानात बसलेला. पहिल्या खेपेला त्यांनी ते भर उन्हातून, पितळीत उघडे मिरवत आणले. बाईंनी कपाळाला हात लावला. पुढच्या आठवडी बाजाराला तात्यांनी मेंढी आधी अंधाऱ्या कोठीत ठेवली आणि डोळे घोंगडीत गुंडाळून आले. दर खेपेला सोबत पळसाच्या पानात मेंढीचं काळीज, म्हणजे कलेजी, असायचं. "काळीज मानाचं, डाक्टरीणबाई. त्ये तुमाला."

बाई शाकाहारी. तात्यांचं मन मोडायचं नाही म्हणून घेत, आणि त्यांची पाठ वळली की मांजराला घालत.

एकदा बाईंनी तात्यांना थांबवून घेतलं. चिमट्याने पडदा सोडवला. मला तो नुसता राखी दिसला. एवढ्यासाठी हा खटाटोप, असं मी मनात म्हणतोय तोच बाईंनी दार उघडलं. बशीत पिकल्या जांभळाच्या रसाचा लाल रंग! बघता बघता तो केशरी झाला, पिवळा झाला, मग पाण्यासारखा. ज्याला मी इतके दिवस जपलं, तो माझ्याच उजेडात दिसत नव्हता. मी एवढा थक्क कधीच झालो नव्हतो.

"गेला?" तात्या हळूच म्हणाले. "परत येतो व्हय?"

"जिवंत डोळ्यात येतो. अंधारात पुन्हा भरतो. पण त्याला खाण्यातून एक सत्त्व लागतं. काळजात असतं, हिरव्या पाल्यातून मिळतं. ते मिळालं नाही तर दिवस मावळला की दिसत नाही."

हे ऐकताना तात्यांची नजर जमिनीकडे गेली, ते बाईंनी हेरलं. दार लावून, डोळे अंधाराला सरावायला बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि बशी मागितली. तात्यांनी टेबल चाचपलं, बाटली लवंडली.

"तात्या, माझी बोटं किती?"

तात्यांनी भलतीकडेच पाहिलं. मग ते खाली बसले.

"कुनाला सांगू नगा, बाई. दिवस कलला की मला कायबी दिसत न्हाय. लांडग्यानं दोन कोकरं न्हेली, मी म्हनलं डोळा लागला. झोपाळू म्हनत्यात, म्हनू द्या. पर आंधळा म्हनले, तर भाऊ मेंढरं आपल्याकडं घील. मेंढराबिगर मी कोन?"

"खाता काय?"

"भाकर-चटणी. औंदा पाला कुठं हाय?"

"आणि काळीज?"

"त्ये तुमाला देतो की!"

बाईंनी मांजराकडे पाहिलं. ज्या सत्त्वापायी त्यांनी पुस्तकं पालथी घातली, ते खाऊन मांजर कोपऱ्यात टम्म होऊन निजलं होतं. त्यांनी तात्यांना मांजराचं खरं सांगून टाकलं आणि म्हणाल्या, "आजचं तुम्ही खा."

तात्या अडून बसले. "दिलेला मान माघारी घ्येत न्हाईत."

तेव्हा बाईंनी स्टोव्ह पेटवला आणि नाकाला पदर लावून जन्मात पहिल्यांदा काळीज भाजलं. "मान माझा ना? मग मी मानानं तुम्हाला वाढते." तात्यांनी डोळे पुसत खाल्लं. असे चार बाजार गेले.

पाचव्या बाजाराला तात्या दिवस मावळताना आले. "वात बारीक करा, बाई." बाईंनी केली. "आनिक." मी ज्वारीच्या दाण्याएवढा उरलो. तात्यांनी नेमकी बशी उचलली, चिमटा उचलला आणि मांजराची शेपटी टाळून पलीकडे पाय टाकला.

बाईंनी दार उघडलं, बाहेर अंधारून आलं होतं. त्यांनी मला तात्यांच्या पुढे धरलं. "काटेवाडीपर्यंत न्या."

"ऱ्हाऊ द्या, बाई. आज राखनीला मी हाय."

आता माझी काच तडकलीय, खुंटीला लोंबकळतोय. पुन्हा मोडीत देणार असाल तर खुशाल द्या. कंदील नको म्हणणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय.