जीप थोरल्याची, मशीन धाकट्याचं

आधी जीपचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय या दोन भावांचं सांगण्यासारखं काही नाही.

त्यांचे वडील ट्रॅक्टर बघायला म्हणून घरातून निघाले होते, आणि लष्कराच्या भंगाराच्या लिलावातून जीप घेऊन परतले. आईने कपाळाला हात लावला. वडील म्हणाले, ट्रॅक्टर नुसता शेतात राबेल, ही शेतातही राबेल आणि उद्या तुला दवाखान्यातही नेईल. बोलणं खोटं नव्हतं. जीपच्या मागे, खालच्या अंगाला, एक दांडा बाहेर आला होता. इंजिनाची ताकद चाकांकडून काढून त्या दांड्याला देता यायची. लेथवाल्याने त्यावर एक पुली बसवून दिली, पुलीवर पट्टा चढला, आणि मग ज्याच्या गळ्यात तो पट्टा घालाल ते गरगर फिरायला लागलं. विहिरीवरचा पंप, चारा कापायचं यंत्र, लाकडाची करवत, आणि सुगीत मळणी मशीन. नांगरही जोडून पाहिला, पण ती चाकं रुतवून बसली आणि गावाला आठवडाभर विषय मिळाला.

वडील तिला थोरली सून म्हणायचे. पाणी भरते, चारा कापते, बाजारहाट करते आणि वर तोंड करून बोलत नाही. पुढे थोरल्या मुलाचं लग्न झालं, नवरी त्याच जीपमधून घरी आली, उतरली तेव्हा केसांत भुसा. ती आजही सांगते, या घरात मी दुसरी आले, पहिली दारात उभीच होती.

थोरल्याला सगळे अण्णा म्हणत. धाकट्याला धाकटाच म्हणत, साठी उलटली, नातवंडं झाली, तरी धाकटाच. कामाची वाटणी लहानपणीच पडून गेली होती. सीटच्या पुढचं सगळं अण्णाचं आणि सीटच्या मागचं सगळं धाकट्याचं. मळणीच्या दिवशी जीप मशीनसमोर पाठमोरी, नाकाच्या रेषेत लावायची, चाकांना दगड घालायचे. रेषा जरा चुकली की पट्टा उडालाच. अण्णा स्टिअरिंगवर, आणि मागे धाकटा दोन्ही तळहातांनी बोलावणार, ये, ये, अजून ये. अण्णा आरशात रस्ता बघत नसे, भावाचे हात बघत असे.

एकदा मशीन सुरू झालं की कानाशी तोफ उडाली तरी ऐकू येत नसे. म्हणून त्यांचे हातवारे ठरलेले. अंगठा वर, म्हणजे रेस वाढव. तळहात खाली दाबला, म्हणजे कमी कर, पेंढ्या ओल्या आहेत. दोन हातांची फुली, म्हणजे बंद. आणि पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली, म्हणजे जेवण आलं, उतर खाली. मग बांधावरच्या तुतीच्या झाडाखाली दोघे बसायचे, कान अजून गुणगुणत असायचे, त्यामुळे जेवतानाही ओरडूनच बोलायचे. आई म्हणायची, शेजारी बसलाय तुझ्या, नदीपलीकडे नाही.

वडील गेल्यावर आईने वाटण्या केल्या. जमीन अर्धी अर्धी, गुरं अर्धी अर्धी, भांडी मोजून. मग म्हणाली, जीप थोरल्याला, मशीन धाकट्याला. जमलेली माणसं हसायला लागली. जीपशिवाय मशीन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, आणि मशीनशिवाय जीप म्हणजे मिरवायची गाडी. कुणीतरी म्हणालंच, म्हातारीने एकाला कुलूप दिलं नि एकाला किल्ली. अण्णाला राग आला, त्याने तिला समजावून पाहिलं. ती म्हणाली, मला जेवढं कळतं तेवढं मी केलं. पट्टा मात्र तिने कुणालाच दिला नाही. बांधावरच्या सामाईक शेडमध्ये तो खुंटीला टांगला आणि म्हणाली, ज्याला लागेल त्याने दुसऱ्याला घेऊन यावं.

आई गेल्यावर भांडण झालं. झालं ते त्या तुतीवरून. तिची सावली अण्णाच्या वाफ्यांवर पडायची, पीक खुरटायचं. एका सकाळी अण्णाने करवत लावली आणि झाड आडवं केलं. विचारलं नाही. धाकट्याने लहानपणी ते स्वतःच्या हाताने लावलेलं होतं, हे अण्णाला माहीत नव्हतं असंही नाही. धाकटा बांधावर आला, बुंध्याकडे पाहिलं आणि माघारी गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

पण गहू काही भावाभावांचं भांडण बघून पिकायचा थांबत नाही. पुढच्या सुगीत धाकट्याने मशीनवरची ताडपत्री काढली. अण्णाने ते दुरून पाहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढली आणि मशीनसमोर नेली. धाकट्याने तळहातांनी बोलावलं, ये, ये. पट्टा चढला, दोघांचा गहू निघाला, जीप परत शेडमध्ये गेली. मग हीच रीत पडली. ताडपत्री निघाली की जायचं. हातवारे सगळे पूर्वीचे, फक्त एक गळला. जेवणाचा. दुपारी हातांची फुली झाली की एक या घरी जाई, एक त्या घरी.

लोकांना वाटायचं, काय हे जगणं. अण्णाला मात्र तो दिवस वर्षभर पुरायचा. दिवसभर भाऊ आरशात समोर असायचा, त्याच्याकडे टक लावून बघावंच लागायचं, आणि तो बघतोय म्हणून कुणी काही म्हणायचं नाही.

आणि मग धाकट्याच्या मुलाने ट्रॅक्टर घेतला.

अण्णाने तो अंगणातून पाहिला, नवाकोरा, लालभडक. ट्रॅक्टरलाही मागे दांडा असतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आता जीप कशाला लागणार, आणि जीप नाही तर अण्णा कशाला लागणार. पण माणूस असा की सलूनमध्ये दाढी करताना चार जणांत मोठ्याने म्हणाला, बरं झालं, दरवर्षीची कटकट गेली, सुटलो एकदाचा. घरी येऊन बायकोलाही तेच सांगितलं.

ती म्हणाली, "सुटलात ना? मग दोन दिवस जेवण का जात नाही?"

सुगी आली. आजूबाजूच्या शेतांत मळण्या सुरू झाल्या. अण्णा रोज सकाळी गच्चीवर जायचा, टाकीतलं पाणी बघायला म्हणे. टाकी भरलेलीच असायची. धाकट्याच्या अंगणात मशीनवरची ताडपत्री जशीच्या तशी होती. कापून रचलेला गहू वाळून कडक झाला, पाखरं खायला लागली, तरी ताडपत्री हलली नाही. शेवटी अण्णाचं डोकं सटकलं. आपली गरज उरली नसेल तर ती गाडी डोळ्यांसमोर तरी कशाला, असं म्हणून त्याने शहरातल्या एका माणसाला फोन केला. जुन्या गाड्यांचा शौकीन होता तो, वर्षभर मागे लागला होता.

शौकीन सकाळीच आला, जीपभोवती फिरला, बॉनेटवरून हात फिरवला. मागे आला आणि त्याचं तोंड आंबट झालं. हे काय लोंबतंय, म्हणाला. मूळ गाडीला असली पुली नसते, हे काढून ठेवा, उद्या घेऊन जातो. अण्णाला ते ऐकून कसंसंच झालं. पुलीच तर तिची ओळख होती. पण बोलून बसला होता, हो म्हणाला.

शौकीन गेल्यावर अण्णा पाना घेऊन शेडमध्ये जीपमागे बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो सीटच्या मागच्या बाजूला काम करत होता. पुलीचा मोठा नट हलेना. तेल सोडलं, ठोकून पाहिलं, पान्याला लांब पाइप घालून लोंबकळला. नट जागचा हलायला तयार नाही. घाम पुसायला थांबला तेव्हा त्याला दिसलं, पुलीच्या बेअरिंगला ग्रीस होतं. ताजं, पिवळं, भुशाचा कणही न चिकटलेलं. गेल्या सुगीचं असतं तर काळं पडलं असतं. अण्णा त्या ग्रीसकडे बघतच राहिला. त्याने ते लावलं नव्हतं. तो इथे कधी येतच नसे.

मग पुन्हा पान्याला भिडला, जरा जास्तच जोरात. कुणीतरी बघतंय असं वाटून मान वर केली. बांधापलीकडे धाकटा कमरेवर हात ठेवून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. अण्णाने त्याच्या डोळ्यांत बघून पाना आणखी एकदा ओढला. धाकट्याला राहवलं नाही. त्याने हात वर केला, बोट हवेत गोल फिरवलं, उलट्या बाजूने.

अण्णाने पाना उलटा ओढला. नट लोण्यासारखा सुटला.

धाकटा बांध ओलांडून शेडमध्ये आला.

"उलटे आटे आहेत," तो म्हणाला. "फिरून फिरून ढिला व्हायचा. मी बदलून घेतला."

"कधी?"

"तू झाड तोडलंस त्याच्या पुढच्या वर्षी."

"मला सांगितलं नाहीस."

"त्याला हातवारा नव्हता."

इतक्या वर्षांनी भावाचा आवाज ऐकला आणि तो असा. थोडा घोगरा झाला होता, थोडा वडिलांसारखा. अण्णाला पाना खाली ठेवायचंही सुचेना. कशाला काढतोस, धाकट्याने विचारलं. गाडी उद्या जातेय, अण्णा म्हणाला, तुझ्याकडे आता ट्रॅक्टर आलाय.

"ट्रॅक्टर पोराचा आहे. मशीन माझं आहे."

"मग ताडपत्री का नाही काढलीस?"

"तू सुटलास म्हणून ऐकलं."

सलूनमध्ये बोललेलं सगळीकडे पोचतं, हे अण्णाला काय माहीत नव्हतं? चारचौघांत बोलायला काहीतरी लागतं रे, तो म्हणाला, एवढंच. धाकट्याने अण्णाच्या हातातून पाना घेतला आणि नट परत आवळून टाकला. शौकिनाचं काय करायचं, अण्णाने विचारलं. धाकटा म्हणाला, सांग त्याला, ती कामावर गेलीय.

खुंटीवरून पट्टा काढायला दोघांनी हात घातला. धाकटा पुढे जाऊन ताडपत्री ओढू लागला, तर अण्णाने जीप सुरू केली आणि वळवून मागे घेतली. आरशात हात दिसले, म्हातारे, शिरा वर आलेले, पण तेच. ये, ये, अजून ये. पट्टा चढला. दगड लागले. धाकट्याचा मुलगा नव्या ट्रॅक्टरला टेकून हा सगळा कारभार बघत राहिला, त्याला कुणी काही सांगितलं नाही.

मशीन सुरू झालं आणि अण्णाला हायसं वाटलं. मघाशी त्या शांततेत बोलावं लागत होतं. आता पूर्वीसारखंच, अंगठा, तळहात, पुन्हा अंगठा. भुसा उडत होता, दाणे पोत्यात पडत होते. दुपारपर्यंत मनात घोळत असलेलं त्याने शेवटी बोलून टाकलं, मशीनच्या ऐन गडगडाटात, जिथे स्वतःचं स्वतःलाही ऐकू येत नाही.

"झाडाचं चुकलं माझं."

धाकट्याने मान वर केली. आरशात ओठ हललेले त्याने पाहिले होते. त्याने हातातली पेंढी मशीनमध्ये सोडली. मग त्याने पाच बोटं जुळवली आणि तोंडाकडे नेली. नंतर बांधाकडे बोट दाखवलं. तिथे तुतीचा बुंधा होता, आणि त्याच्याशेजारी अण्णाची बायको डबा घेऊन बसली होती, पाण्याचे दोन पेले आधीच भरून.

धाकट्याने हातांची फुली केली, बंद कर म्हणून. अण्णाने इंजिन लगेच बंद केलं नाही. डोळ्यांत भुसा गेला म्हणायचं तर मशीन चालू असावं लागतं.