चालून दाखव

दवाखान्याच्या पायरीवरच राहीबाईने लेकीच्या निऱ्या पुन्हा एकदा खाली ओढल्या, डावं पाऊल झाकेपर्यंत. मग दोन पावलं मागं सरून नीट बघितलं.

"आत मोठे डॉक्टर हायेत. टाच टेकवून चालायचं."

"म्हाईत हाय गो आई," उन्नती म्हणाली.

माहीत नसायला काय झालं! तिसऱ्या वर्षी पोलिओने पाय धरला, तो बारीकच राहिला. पोरीला सोळावं लागलं तशी राहीबाईने काल्हेरच्या घरी ओटीवर तिची शाळाच सुरू केली. बघायला आलेले पाहुणे चहा झाला की हमखास म्हणत, पोरीला जरा चालून दाखवू द्या. म्हणून साडी लांब, डाव्या चपलेला आतून जाड तळ, चाल हळू, नजर समोर. पोर हुशार, सगळं शिकली. पाहुण्यांना तरी कुठून तरी कुणकुण लागायचीच. दहा वर्षांत सात स्थळं आली नि गेली.

शेवटी उन्नतीनेच लग्नाचा विषय गुंडाळून ठेवला आणि टेलिफोन बूथचा अर्ज आणला. कामतघरच्या नाक्यावर अपंगांसाठी एक बूथ निघाला होता. बूथ मिळाला असता तर जन्मभर भावजयीच्या तोंडाकडे बघायची पाळी आली नसती. बाकी कागद जमले होते. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला तेवढा सोमवारच्या आत हवा होता. त्यासाठी ही तिसरी खेप. एकदा डॉक्टर रजेवर होते, एकदा अर्जावरच्या फोटोत पाय दिसत नाही म्हणून परत पाठवलं होतं.

आज डॉक्टर होते, आणि दाराबाहेर साठेक माणसं.

"काय आहे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"पोलिओ," राहीबाई म्हणाली.

"चालून दाखवा."

उन्नती दारापर्यंत गेली, वळली, परत आली. खांदा झुकला नाही, पाऊल अडखळलं नाही. इतकं देखणं तर ओटीवरही कधी जमलं नव्हतं. राहीबाईला क्षणभर, खोटं कशाला बोला, अभिमानच वाटला.

डॉक्टरांनी घाईघाईने पोटरी चाचपली, गुडघा वाकवून पाहिला आणि कागदावर आकडा टाकला. पस्तीस.

"साहेब, चाळीस पायजेत."

"बाई, व्यवस्थित चालतेय ती."

राहीबाई टेबलापाशी सरकली.

"न्हाय हो साहेब. मीच शिकवलंय तिला तसं. लंगडी हाय ती." हा शब्द तिने आजवर घरात कुणाला उच्चारू दिला नव्हता. "उन्नती, घरात चालतेस तशी चालून दाखव."

उन्नती उठली. पदर सारखा केला. पुन्हा तशीच सरळ गेली आणि सरळ परत आली.

"चला, पुढचा नंबर," शिपाई म्हणाला.

बाहेर येताच राहीबाईचा तोल सुटला.

"गेला ना बूथ हातचा! घरातल्यासारखं चालायला काय झालतं तुला?"

"घरात कशी चालते मी?" उन्नतीचा आवाज चढला नाही. "तू समोर असलीस की अशीच चालते, आई. कुणी बघत असलं की दुसऱ्या तऱ्हेनं चालायला मना येतच न्हाय."

गेली दहा वर्षं एका घरात राहून आपण या पोरीला एकदाही थकलेलं पाहिलं नाही, हे राहीबाईला आत्ता कळत होतं. पोर लंगडली असती तर आपण काय केलं असतं, तेही तिला चांगलं ठाऊक होतं.

रिक्षा फाटकाबाहेर, बऱ्याच लांब उभ्या होत्या.

"तू हो पुढं," उन्नती म्हणाली. "मी येते मागून."

राहीबाई निघाली. थोडं अंतर पडल्यावर मागून आवाज येऊ लागला. एक पाऊल टेकल्याचा, एक फरफटल्याचा, आणि मध्ये दमलेला श्वास. तिने आपली चाल हळू केली, पण मान काही वळवली नाही.