चढत्या रेषेचा उभा अक्ष

कंपनीत त्यांना दुप्पटराव म्हणत, कारण ग्राहकाला दुपटीहून कमी काही कबूल करणे त्यांना कधी जमलेच नव्हते. आलेख वाचण्याची त्यांची स्वतःची रीत होती. रेषा वर गेली की मान डोलवायची, खाली आली की ती काढणाऱ्याकडे रोखून पाहायचे. अक्षांवर काय लिहिले आहे ते वाचण्याच्या क्षुद्र कामाला त्यांनी कधी हात लावला नाही.

या खेपेस वेग मोजायचा होता तो रक्तपेढीच्या डेटाबेसचा. जुन्या आवृत्तीत प्रोसेसर कितीही वाढवा, वेग ढिम्म हलत नसे. रक्ताची पिशवी कोणाच्या नावे लावायची हे नोंदवताना मध्येच दुसऱ्याने हात घालू नये म्हणून प्रत्येक प्रोसेसर साठ्याला कुलूप घाली आणि बाकीचे दाराशी ताटकळत. दुप्पटरावांनी नव्या आवृत्तीतून कुलूपच काढून टाकले आणि वेग नऊपट झाला. ज्याच्यामुळे उत्तर बरोबर येते तेच अडगळ ठरवले की काम झपाट्याने होते, हा शोध लावायला खरे तर प्रोसेसरचीही गरज नव्हती.

चाचणी विभागाच्या प्रमुख बाईला सारे तराजू म्हणत. तिने एक अरसिक गोष्ट केली; वेग मोजून झाल्यावर उत्तरेही तपासली. एकच पिशवी दोन-दोन रुग्णांच्या नावावर चढली होती, आणि प्रोसेसर वाढवावेत तशा या जोड्याही वाढत होत्या.

हे ऐकून दुप्पटराव वडीलकीच्या मायेने हसले. तिने वेग मोजावा, उत्तरांची उठाठेव करू नये. उद्या पेढीच्या डॉक्टरीणबाई करारासाठी यायच्या आहेत, अहवालावर सही तेवढी करावी. तिला जड जात असेल तर तिच्या खुर्चीत बसून सही करणारे पुष्कळ मिळतील, हेही त्यांनी त्याच मायेने सांगितले.

तिची थोरली बहीण त्याच पेढीत खिडकीवर बसायची. जेवताना तराजूने तिला सहज विचारल्यासारखे विचारले, पिशवी एक आणि नावे दोन निघाली तर काय करशील?

"आधी येईल त्याला देईन," ताई म्हणाली. "आणि दुसऱ्याच्या माणसांना तोंड द्यायला मी आहेच की गं. तुमचा संगणक थोडाच बसतो खिडकीत?"

तराजूचा संताप थिजून टणक झाला. सकाळी तिने अहवालात एक नवा आलेख घातला, खाली सही केली आणि तो दुप्पटरावांच्या पुढ्यात ठेवला. उभा अक्ष वाचून घ्या, असे बजावलेही. त्यांनी रेषा पाहिली. ती झोकात वर गेली होती.

"बघा," ते म्हणाले, "मनावर घेतलं की जमतं तुम्हाला."

बैठकीत तोच आलेख पडद्यावर झळकला. रेषेच्या टोकावर बोट ठेवून दुप्पटरावांनी ग्वाही दिली की आणखी प्रोसेसर घेतले तर ही आणखी चढेल. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला आणि उभा अक्ष मोठ्याने वाचला.

"एकाच पिशवीचे दोन धनी, दर मिनिटाला."

दुप्पटरावांनी सवयीने रेषा काढणारीकडे रोखून पाहिले.

"हे खरं आहे?" डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारले.

"सर म्हणाले ते अगदी बरोबर आहे," तराजू म्हणाली. "आणखी प्रोसेसर घेतलेत तर आणखी चढेल. खालची सही माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी करार न उघडताच परत सरकवला.

तराजूच्या बडतर्फीचे पत्र दुपारच्या आत तिच्या टेबलावर आले. कंपनीत इतका वेग तिने प्रथमच पाहिला, आणि पत्रावर नाव एकट्या तिचेच होते.