दुसरा खटका

मित्रांनो, मला म्हातारा म्हणा, जुनाट म्हणा, काळा धोंडा म्हणा, मी काही बोलणार नाही. पण माझ्या अंगाला मोबाइल टेकवून त्यावर नव्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ पाहू नका. अहो, मीसुद्धा कॅमेराच आहे! बऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याजवळ भूपेंद्रचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काउंटरवर मी राहतो आणि सध्या माझे डोके पार फिरलेले आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसे पांढरे कपडे घालून आणि तोंड बांधून काम करत. कुणी माझ्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांनी माझ्या पोटात एक छोटासा आरसा बसवला. हा आरसा तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्याच्यावरूनच झाले. फोटो काढताना तो झटकन वर उडतो आणि पुन्हा खाली आपटतो. त्या वेळी जो आवाज होतो, तो माझा 'खटाक्'.

चौदा वर्षांपूर्वी मी इंदूरहून खोक्यात बसून इथे आलो. भूपेंद्रचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. त्याच्या बायकोने, रंजिताने, मला पाटावर ठेवून हळदकुंकू लावले आणि समोर मावा जिलेबीचा नैवेद्य ठेवला. ते कुंकू माझ्या बटणाच्या खाचेत शिरले. भूपेंद्रने काडीने, ब्रशने, फुंकर मारून खूप प्रयत्न केले, पण ते काही निघाले नाही. अजूनही तिथेच आहे. मला त्याचा अभिमान वाटतो, हे उगाच लपवत नाही.

मग मी राबलो. बहादरपुरातली लग्ने, देडतलाईतली बारशी, शाळांची स्नेहसंमेलने, मे महिन्यातल्या उन्हात भाजून निघालेल्या वराती, काही म्हणता काही सोडले नाही. एकदा एका जोडप्याचे फोटो काढायला भूपेंद्र मला केळीच्या बागेत घेऊन गेला. तिथे माझ्या पट्ट्यावर केळीचा चीक पडला. तो डाग कधी जात नाही, हे इथल्या कुणालाही विचारा. लोक म्हणायचे, "भूपेंद्रभाऊ, तुमचा कॅमेरा लई भारी आहे." भूपेंद्र मानेनेच हो म्हणायचा आणि मला शर्टाच्या टोकाने पुसायचा.

आता आमच्या कामाची एक खूण सांगतो. तापीकाठच्या आमच्या गावांत मोठ्या वयाच्या बायका फोटो म्हटला की श्वास रोखून बसतात. डोक्यावर पदर, गुडघ्यांवर हात, मान ताठ आणि डोळे वटारलेले. तुम्ही "हसा, हसा" म्हणून घसा कोरडा केलात तरी त्या हसत नाहीत. मग माझा खटाक् ऐकू आला की "झालं बाई एकदाचं" म्हणून श्वास सोडतात आणि तेव्हा कुठे हसतात. भूपेंद्रला हे पहिल्याच वर्षी कळले. तेव्हापासून तो पहिला खटका नुसता ऐकवण्यासाठी मारतो आणि श्वास सुटला की लगेच दुसरा मारतो. पहिला फोटो पुसून टाकतो. दुसरा लोकांच्या भिंतीवर लागतो. रंजिताही बायकांचे फोटो काढू लागली, तेव्हा त्याने तिला सगळ्यात आधी हाच दुसरा खटका शिकवला.

असे आमचे बरे चालले होते. आणि मग एके दिवशी दुपारी निरंजन धावत आला. त्याचा स्टुडिओ पलीकडच्या गल्लीत आहे, पण तो बसलेला असतो आमच्याकडे.

"भाऊ, आला! अनाउन्स झाला!" तो म्हणाला. त्याने मला काउंटरच्या मधोमध ओढले, माझ्या अंगाला मोबाइल टेकवला आणि व्हिडिओ लावला. एका नव्या, मोठ्या, व्यावसायिक कॅमेऱ्याची घोषणा झाली होती. तो कॅमेरा भारतात यायला अजून तीन महिने होते. तरी त्या दिवसापासून स्टुडिओत दुसरा विषय नाही!

"एका सेकंदात तीस फोटो, भाऊ! तीस! आणि आवाज बिल्कुल नाही. आत आरसाच नाही ना त्याच्या."

"पण बॅटरी किती टिकते, ते बोल," भूपेंद्र म्हणाला.

"बॅटरी का टेन्शन मत लो. पाखराच्या डोळ्यावर फोकस धरतो तो!"

मित्रांनो, निरंजनने आजवर एका कोंबडीचाही फोटो काढलेला नाही. पण पाखराच्या डोळ्यावरून दोघांचे चार दिवस भांडण चालले. मग खंडव्याच्या कुणा फोटोग्राफरने फोनवर सांगितले की हा कॅमेरा तापतो. त्यावर आठ दिवस गेले. मग त्याला दोन कार्डे लागतात, म्हणजे एक बिघडले तरी दुसऱ्यात फोटो राहतात, हे कळले आणि दोघेही असे गहिवरले की जणू घरात जुळे झाले. तेवढ्या दिवसांत दारात आलेले तीन पासपोर्ट फोटोवाले वाट पाहून परत गेले.

शेवटी रंजिता कंटाळून म्हणाली, "अहो, तुम्ही दोघांनी तो हातात तरी घेतलाय का?"

"वहिनी, हातात घ्यायची जरूरतच नाही. सगळे रिव्ह्यू पाठ आहेत मला," निरंजन म्हणाला.

हे सगळे बोलणे माझ्या पाठीमागे नाही, माझ्या अंगावर चालले होते. मोबाइल टेकवून टेकवून माझी मान अवघडली. त्या तीन महिन्यांत मला कुणी एकदाही पुसले नाही.

पुढची गोष्ट मी भूपेंद्र फोनवर बोलत असताना ऐकली. इंदूरच्या दुकानदाराने जुन्या कॅमेऱ्याच्या बदल्यात नवा देण्याची सवलत काढली होती. जुन्यांचे तिथे काय करतात? उघडतात आणि सुटे भाग करतात. निरंजनचा नवा कॅमेरा रविवारच्या आत येणार होता. दापोऱ्याच्या लग्नात तो वापरून पाहायचा आणि पसंत पडला की सोमवारी मला इंदूरला पाठवायचे, असे ठरले. भूपेंद्रने माळ्यावरून माझा खोका काढला आणि त्यावरची धूळ झटकली. माझी धूळ तशीच राहिली. मला फार वाईट वाटले. चौदा वर्षांचा मी, आणि माझ्या आरशाचे भंगार होणार!

रविवारी सकाळी आम्ही दापोऱ्याला गेलो. तेजस्विनी नावाच्या मुलीचे लग्न होते. सासर सुरतेला. तिने रंजिताला आधीच सांगून ठेवले होते, "ताई, बाकी फोटो कसेही काढा, पण माझ्या आजीचा एक हसरा फोटो पाहिजे. घरात तिचा फक्त आधार कार्डाचा फोटो आहे. त्यात ती अशी दिसते, की तिला पोलिसांनी पकडून आणलंय. तो घेऊन मी सुरतेला जाऊ का?"

आजी म्हणजे मथुराबाई. हळदीच्या मांडवात, केळीच्या खांबापाशी, तेजस्विनीच्या शेजारी त्यांना खुर्चीत बसवले. लगेच डोक्यावर पदर, मान ताठ, श्वास बंद. समोर निरंजनचा नवा कॅमेरा भूपेंद्रच्या हातात. त्याला दुसरे कार्ड हवे होते म्हणून निघताना माझ्या पोटातले काढून त्याच्यात घातले होते. मी रिकाम्या पोटी रंजिताच्या गळ्यात लटकत होतो. आणले होते आपले सवयीने.

भूपेंद्रने बटण दाबले. एका सेकंदात तीस फोटो निघाले. आवाज नाही.

मथुराबाई तशाच बसून राहिल्या.

"झालं, आजी," भूपेंद्र म्हणाला.

त्यांनी ओठ न हलवता विचारले, "काय झालं?"

"फोटो निघाला."

"कुठी निघाला? आवाज त आला नई."

"आजी, यह बिना आवाज का है," निरंजन पुढे होऊन म्हणाला. "नवीन टेक्नॉलॉजी."

"मले फसवू नको, भाऊ. आधारवालाबी झालं झालं म्हने, अन् मी तोंड उघडलं तवाच फोटो काढला त्यानं. आवाज येऊ दे, मंग मी हालन."

पुन्हा तीस फोटो. मग आणखी साठ. सगळ्या फोटोंत मथुराबाई हुबेहूब आधार कार्डावरच्यासारख्या! मग निरंजनला आठवले की नव्या कॅमेऱ्यात खोटा आवाज लावता येतो. तो कुठे आहे ते मात्र आठवेना. सगळे रिव्ह्यू पाठ असलेला माणूस मेन्यूत बोट घालून दहा मिनिटे घाम पुसत होता. हळदीला बसलेल्या बायका ताटकळल्या. भटजी घड्याळ पाहू लागले. म्हातारीचा श्वास कोंडून चेहरा लाल झाला. शेवटी एकदाचा आवाज सापडला. 'टिक्'.

"हे त मोबाइल हाय," मथुराबाई म्हणाल्या. "मले कॅमेऱ्यानं काढा." निरंजनने ओशाळून तो आवाज बंद केला आणि कॅमेरा भूपेंद्रला परत दिला.

तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आले. "राहू द्या ताई," ती म्हणाली, "नाही होणार ते." आणि ती उठायला लागली.

तेव्हा रंजिताने मला गळ्यातून पुढे ओढले, डोळ्याला लावले आणि बटण दाबले.

खटाक्!

माझा आरसा इतक्या जोरात चौदा वर्षांत कधी आपटला नव्हता. मथुराबाईंनी भसकन श्वास सोडला. "हां! आता आला बाई!" त्या म्हणाल्या आणि हसल्या. दोन दात नसलेल्या तोंडाने, मोकळे, अगदी पदर खांद्यावर घसरेपर्यंत हसल्या. हळदीचा हात त्यांनी तेजस्विनीच्या गालावर फिरवला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितले. तीही रडता रडता हसायला लागली.

आणि मी? रंजिताने दुसरा खटका मारला तेव्हा माझ्या पाठीवरच्या पडद्यावर अक्षरे उमटली : कार्ड नाही.

पण माझा पहिला खटाक् झाल्याबरोबर भूपेंद्रचे बोट सवयीनेच हलले होते. चौदा वर्षांची सवय आहे ती. श्वास सुटला की दुसरा. फक्त या वेळी दुसरा त्या नव्याने मारला, तोही मुकाट्याने. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मी काढलाच नाही. आता याला काय म्हणावे! मी संतापलो, आणि त्याच वेळी मला रडूही येत होते.

परतताना निरंजन नव्या कॅमेऱ्याच्या रंगांचे कौतुक करत होता. भूपेंद्रने मला मांडीवर घेतले होते. त्याने माझा कार्डाचा कप्पा उघडला, आत पाहिले आणि बंद केला. सोमवारी सकाळी त्याने इंदूरला फोन केला. "नवा पाठवा. जुना देत नाही."

"पागल हो क्या, भाऊ?" निरंजन ओरडला. "नुसत्या आवाजासाठी ठेवणार?"

"हो. आवाजासाठी."

अशा रीतीने मी वाचलो. पण कसा वाचलो ते पाहा. आता दर लग्नाला मी रंजिताच्या गळ्यात असतो. पहिला खटका माझा, दुसरा भूपेंद्रच्या नव्या कॅमेऱ्याचा. माझे कार्ड आता त्याच्या पोटात आहे; मी वाजतो आणि तो फोटो काढतो. म्हणजे फोटोच्या धंद्यात मी वाजंत्री झालो! माझी काच अजून स्वच्छ आहे, आरसा धडधाकट आहे, समोरचे सगळे मला लख्ख दिसते आणि त्यातले काहीच माझ्यापाशी राहत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही अल्बम द्यायला दापोऱ्याला गेलो. तो हसरा फोटो मोठा करून भिंतीवर लावलेला होता. त्याची दुसरी प्रत तेजस्विनी सुरतेला घेऊन गेली होती. मथुराबाई आलेल्या पाहुण्यांना सांगत होत्या, "ह्या काया कॅमेऱ्यानं काढला बरं, ह्या आवाजवाल्यानं. तो दुसरा त नुसताच पाहत बसला होता." 'काया' म्हणजे काळा, म्हणजे मीच! निरंजनने खरे सांगायला तोंड उघडले. रंजिताने त्याच्याकडे असे काही पाहिले की त्याने निमूटपणे चहाची बशी तोंडाला लावली. भूपेंद्रने तर मानेनेच हो म्हटले. आणि मी तर काय, कार्ड नसलेला कॅमेरा. माझ्याकडे पुरावा कुठला!

काल पुन्हा निरंजन धावत आला. "भाऊ, अनाउन्स झाला!" याच्याही पुढचा कॅमेरा म्हणे. त्याने मोबाइल काढला आणि या वेळी तो त्या नव्याच्या अंगाला टेकवला. मला वाटले होते, मला आनंद होईल. पण त्या बिचाऱ्याची मान वाकडी झालेली पाहून मला कसेसेच झाले.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. नवे जरूर आणा. जुने ठेवायचे नसेल तर नका ठेवू. पण ठेवलेत, तर त्याला त्याचे काम द्या. नुसते वाजवायला ठेवू नका.

भूपेंद्रला हे अजून सुचलेले नाही. पण आज सकाळी रंजिताने खण उपसून एक जुने कार्ड शोधले, पदराला पुसले आणि माझ्या पोटात घातले. त्यात जेमतेम दोनशे फोटो मावतात. दुपारी आम्हाला बहादरपुरात एका बारशाला जायचे आहे.