सरांचं लोखंड

डॉ. अनिरुद्ध सहस्रबुद्धे प्रयोगशाळेत आले की आधी एसी कमी करायला सांगत, मग चहा मागवत आणि उरलेल्या वेळात रसायनशास्त्र बघत. सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या त्या कंपनीचे ते सल्लागार. कोथरूडहून त्यांना आणायला गाडी जाई. त्यांची कृती सोपी होती. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हे सुवासिक रसायन, एक अल्कीन, घ्यायचं, चिमूटभर लोखंडाचा क्षार टाकायचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण करायचं. पेरॉक्साइडचं मागे उरतं ते नुसतं पाणी. जुन्या पद्धतीसारखा क्रोमियमचा विषारी गाळ नाही. सरांना त्यातून नव्वद टक्के सुगंधी माल मिळे.

तीच कृती करून कंपनीतल्या संशोधक पूर्वा साळवेला मिळे आठ टक्के. सहा आठवड्यांत एकवीस वेळा करूनही आठच.

"पूर्वाताई, रसायनशास्त्राला हात लागतो हो," सर म्हणाले. "तो पुस्तकातून येत नाही. घरातच असावा लागतो."

'घर' या शब्दाचा अर्थ पूर्वाला शाळेपासून ठाऊक होता. तो किती सभ्यपणे उच्चारता येतो, याचं तिला आता नवल वाटत नसे.

"मग आपणच करून दाखवा ना," ती म्हणाली. "आम्हालाही बघायला मिळेल."

विभागप्रमुख केदार भागवत घाईघाईने हसला.

सरांनी चष्म्याच्या डबीतून द्रावण ढवळायची स्वतःची चुंबकाची कांडी काढली. "पंधरा वर्षं हीच वापरतोय," म्हणून त्यांनी ती फ्लास्कमध्ये सोडली. संध्याकाळी यंत्राने आकडा दिला: एक्याण्णव. केदारने चक्क टाळ्या वाजवल्या.

"शिकून घ्या," तो पूर्वाला म्हणाला.

पूर्वा कांडीकडे बघत होती. तिचं पांढरं टेफ्लॉनचं आवरण चहाच्या कपासारखं तपकिरी पडलं होतं, वर बारीक चिरा होत्या.

"सर, लोखंडाच्या आधी आपण कोणत्या धातूवर काम करत होता?"

"मँगनीज. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली."

"उद्या लोखंड न घालता करून बघते. कांडी ठेवून जाल?"

"लोखंड न घालता? करा, करा. मीठ न घालता आमटीही करून बघा!" स्वतःच्याच विनोदावर हसत ते कांडी ठेवून गेले. तिच्याकडून काही निघेल असं त्यांना वाटलं असतं, तर ठेवली नसती.

दुसऱ्या दिवशी सरांची कांडी घालून, लोखंड न घालता, अठ्ठ्याऐंशी टक्के माल मिळाला. नवी कांडी आणि लोखंड घालून पुन्हा आठ. मग पूर्वाने जुनी कांडी आम्लात धुतली आणि धुवण तपासायला पाठवलं. त्यात मँगनीज निघालं. पंधरा वर्षांचं मँगनीज त्या चिरांत दडून सगळं काम करत होतं, आणि नाव लोखंडाचं होत होतं.

पूर्वाने तपासणीचा आलेख सरांपुढे ठेवला.

"यंत्र बिघडलं असेल."

"तीनदा तपासलंय, सर."

"म्हणजे मग," ते सावरून बसले, "मँगनीजचा शोधही माझाच की!"

ते गेल्यावर केदारने दार लावलं. "मला पहिल्यापासून शंका होती. पण पेटंटवर त्यांचं नाव आधी घालू. शेवटी कांडी त्यांची."

"मग कांडीचंच नाव घाला. तिने काम तरी केलंय."

केदारला तो विनोद वाटला. सरांचं नाव पहिलं लागलं, पूर्वाचं दुसरं. दोन दिवस तिला भयंकर राग आला. तिसऱ्या दिवशी तो ओसरला आणि नुसती तुच्छता उरली. तुच्छतेला काही कष्ट पडत नाहीत.

त्याच दिवशी तिने पाच लिटरच्या भांड्यात मँगनीज मोजून घातलं आणि पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, परिषदेत माझं भाषण आहे," सर म्हणाले. "मँगनीज नेमकं किती घालता?"

"ईमेल करा."

तिने फोन पालथा ठेवला आणि तापमापीकडे वळली. पारा पस्तिशीपुढे जाऊ द्यायचा नव्हता.