एक तास, एक बटण

दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक त्यांना घड्याळजीच म्हणत. मज्जातंतूंच्या आजारानं आधी त्यांची बोटं गेली, मग पाय, आणि शेवटी आवाज. डॉक्टर म्हणाले, आता आणखी वाढणार नाही बहुतेक. उरला होता तो डाव्या हाताचा अंगठा. चाळीस वर्षं ज्या हातांनी तिळाएवढे स्क्रू बसवले, त्यांतला तेवढाच एक कामाचा राहिला.

त्यांची मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. एका गिऱ्हाइकाकडून तिला एका कॉम्प्युटर प्रोग्रामची माहिती कळली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जातात. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. एवढंच. हा प्रोग्राम कुण्या कंपनीचा नव्हता. ठिकठिकाणचे लोक आपापली कामं सांभाळून तो बनवत आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला असे.

घड्याळजी त्यावर लिहायला शिकले आणि दीड महिन्यात त्यांनी प्रोग्रामची चूकही काढली. ही मंडळी एका मेलिंग लिस्टवर बोलत. एकानं मेल लिहिली की ती सगळ्यांना जाई. घड्याळजींनी तिथं लिहिलं, ‘उजळणारी ओळ दर मिनिटाला एक ठोका मागे पडते.’ कुणाला पटेना. प्रोग्रामची सगळी जबाबदारी सांभाळणाऱ्या ताईंनी मोजून पाहिलं, तर खरंच. त्यांनी दुरुस्ती केली आणि खाली लिहिलं, ‘घड्याळजींच्या डोळ्यांमुळे.’ बाबांनी ती ओळ मुलीला तीनदा वाचायला लावली.

त्यानंतर नवीन कुणी अडला की उत्तर घड्याळजींचंच. चार ओळी लिहायला त्यांना सकाळ लागायची, पण लिस्टवर कुणाला घाई नसायची. त्यांचं उत्तर आलं की प्रश्न मिटला असं सगळे धरून चालत.

मग एक दिवस ताईंची मेल आली. लिस्ट बंद होणार. यापुढे सगळी चर्चा एका कंपनीच्या चॅट ॲपवर. मत घेतलं होतं, बहुतेकांनी हो म्हटलं होतं. घड्याळजींचं मत लिहून होईपर्यंत मुदत संपली होती.

‘जाऊ की तिकडे,’ मुलगी म्हणाली. ‘सगळेच जातायत.’

पण जाणं सोपं नव्हतं. ॲपनं मोबाइल नंबर मागितला, त्यावर कोड पाठवला आणि तो टाकायला एक मिनिट दिलं. घड्याळजींचे तीन आकडे होईपर्यंत मिनिट संपलं. पुन्हा कोड, पुन्हा तेच. शेवटी मुलीनं स्वतः टाइप करून त्यांना आत सोडलं. आत तर बाजार भरलेला. घड्याळजी एक वाक्य जुळवत, तोवर वर साठ निरोप चढलेले असत आणि त्यांचं उत्तर भलत्याच प्रश्नाखाली जाऊन पडे. दर आठवड्याला ॲप त्यांना बाहेर काढी आणि नवा कोड मागे. मुलगी कामावर असली की संध्याकाळपर्यंत दार बंद.

तिसऱ्या आठवड्यात ती कोड टाकायला बसली, तेव्हा बाबांनी लिहिलं, ‘राहू दे.’

‘का हो बाबा?’

बराच वेळ अंगठा चालला. ‘पाहुण्यासारखं वाटतं. तेही दुसऱ्याच्या कडेवर बसून आलेल्या.’

त्या दिवसापासून ते खिडकीकडे तोंड करून बसू लागले. मुलीनं दहा दिवस कळ काढली. अकराव्या दिवशी दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत तिनं ताईंचा नंबर मिळवला आणि फोन लावला. ताई एका दातांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायच्या.

‘मी घड्याळजींची मुलगी. हात नसलेल्यांसाठी तुम्ही प्रोग्राम बनवता,’ मुलगी म्हणाली, ‘आणि त्याबद्दल बोलायची जागा अशी निवडता की तिथं हात असल्याशिवाय शिरताच येत नाही. याला काय म्हणायचं?’

ताई म्हणाल्या, ‘घड्याळजी येत नाहीयेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. दोन हजार माणसं झालीत तिथं. त्या गलक्यात... चूक माझीच.’

मुलीला भांडायचं होतं, पण समोरून भांडण येईना.

‘एक सांगू?’ ताई म्हणाल्या. ‘लिस्टचा सर्व्हर माझ्या घरात होता, कपड्यांच्या कपाटावर. नऊ वर्षं मी एकटीनं सांभाळला. आई अंथरुणाला खिळली आणि त्याच महिन्यात तो चार वेळा बंद पडला. एका हातानं तिला भरवायचं आणि दुसऱ्या हातानं तो चालू करायचा. नाकी नऊ आले. कंपनीची जागा आयती मिळत होती, झाडलोटही त्यांचीच. मी सुटले असं वाटलं.’

मुलीचा राग तिथंच ओसरला. नऊ वर्षं कपाटावरचं ते यंत्र कोण चालवतंय हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. बाबांचा एकेक शब्द त्यातून गेला होता. ‘तुमच्या आई कशा आहेत आता?’ तिनं विचारलं, आणि मग बराच वेळ त्या दोघी आयांबद्दल आणि बापांबद्दलच बोलत राहिल्या.

संध्याकाळी तिनं बाबांना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना एक पत्र लिहिलं. अक्षर अक्षर स्वतःच जुळवलं, मुलीनं फक्त पाठवलं. त्यात तक्रार नव्हती. एवढंच होतं, ‘येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी एक तास एकाच बटणानं चॅटमध्ये यावं. माउस नाही, कीबोर्ड नाही. मग काय ते ठरवा.’

ताईंनी ते पत्र जसंच्या तसं सगळ्यांपुढे ठेवलं. रविवारी एकतीस जण तयार झाले. ॲपमधून बाहेर पडायचं आणि एका बटणानं परत आत यायचं. तासाभरात दोघंच पोचले. त्यांतल्या एकानं ‘नमस्कार’ लिहायला घेतलं आणि ‘नमस’वर वेळ संपली. बाकीचे दाराबाहेर कोडाची वाट बघत बसले होते. नंतर सगळे बोलण्याच्या कॉलवर जमले, तेव्हा हसायचं म्हणून थोडे हसले. घड्याळजी मुलीच्या फोनवरून ऐकत होते.

एक जण म्हणाला, ‘कंपनीचं ॲप आजच्या आज सोडू या.’ दोघातिघांनी हो म्हटलं.

तेव्हा एक बसचालक बोलला. तोवर तो कधीच बोलला नव्हता. ‘मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या बहिणीला बोलता येत नाही. हा प्रोग्राम मला सापडला तो याच ॲपवर, थांब्यावर गाडी लावून बसलो असताना. मेलिंग लिस्ट ही काय भानगड असते ते मला आजही नीट माहीत नाही. हे दार बंद असतं तर आम्ही बाहेरच राहिलो असतो. घड्याळजींचं दार उघडा, पण आमचं लावू नका.’

घड्याळजींचा अंगठा हलायला लागला, तसं मुलीनं सांगितलं, ‘बाबा लिहितायत.’ एकतीस माणसं थांबली. सात मिनिटं कुणी बोललं नाही. मग तिनं वाचून दाखवलं, ‘ते बरोबर बोलतात. बहिणीला माझा नमस्कार.’

पुढचं काम दोन महिने चाललं. लिस्ट पुन्हा सुरू झाली, पण ताईंच्या कपाटावर नाही. एका ग्रंथालयानं आपल्या सर्व्हरवर जागा दिली, आणि देखभालीच्या पाळ्या पाच जणांनी वाटून घेतल्या. त्यांत बसचालकही होता. तो ताईंकडून फोनवर शिकला. चॅटमध्ये विचारलेला प्रश्न आपोआप लिस्टवर येई, लिस्टवरचं उत्तर त्याच प्रश्नाखाली चॅटमध्ये जाई. आणि एक नियम झाला, कुठलाही निर्णय तीन दिवसांच्या आत घ्यायचा नाही. काहींना तो जाच वाटला. एक चांगला कोड लिहिणारा मुलगा वैतागून निघूनही गेला. ताईंना त्याचं वाईट वाटलं, पण नियम राहिला.

त्या रविवारानंतर पावणेतीन महिन्यांनी ताई एका शनिवारी दुपारी घड्याळजींकडे आल्या. दोघांची ही पहिलीच भेट. ताई खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘माफी मागायला आले होते. तुम्हाला विसरले मी.’

घड्याळजी लिहू लागले. मुलीनं चहा आणला, ताईंनी तो हातात धरून ठेवला. पडद्यावर ओळी उजळत होत्या, विझत होत्या. बराच वेळ गेला. ताईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

‘आवाज गेला तेव्हा वाटलं, आता हिच्याशी भांडताही येणार नाही. तुमच्यामुळे परत भांडतो. काल मीठ जास्त झालं म्हणून भांडलो. माफी कसली मागता.’

ताई वाचता वाचता हसल्या. मुलगी म्हणाली, ‘मीठ बरोबर होतं हो. ह्यांनाच जास्त लागलं.’

घड्याळजींनी पुन्हा अंगठा उचलला.

‘थांबा,’ ताई म्हणाल्या, ‘त्यांचं उत्तर येऊ दे.’