नेस्टरच्या गाडीचे दिवे

डोळे तपासल्यावर सरकारने ओरेस्टच्या लायसन्सवर 'फक्त दिवसा' असं लिहून दिलं, आणि तेव्हापासून दर गुरुवारी त्याच्या पोटात दुखू लागलं. दुखण्याचं नाव नेस्टर. शेजारचा हा विधुर ओरेस्टच्या बायकोला, स्टेफाला, आपल्या गाडीतून चर्चच्या गाण्याच्या तालमीला न्यायचा. तीस किलोमीटर अंधारातून जायचं, तीस यायचं. गाडी निघायची वेळ झाली की ओरेस्ट पडदा ओढून भिंतीकडे तोंड करून बसे. त्याला बघवतच नसे.

"तूही चल की," स्टेफा म्हणायची.

"त्याच्या गाडीत? सामान म्हणून?"

लायसन्स स्टेफाकडेही होतं. पण रात्रीची गाडी पुरुषानेच चालवावी, असं म्हणत ओरेस्टने पन्नास वर्षांत तिला अंधार पडल्यावर स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. आणि आता ते काम नेस्टर करत होता.

ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी तर नेस्टर त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून, स्टेफाच्या बटाट्याच्या पेरोगींवर, त्या उकडलेल्या करंज्यांवर, आंबट साय ओतून चापत होता. "तुझ्या बायकोच्या हाताला काय चव आहे रे," असं वर म्हणालाही. ओरेस्टच्या अंगाची लाही लाही झाली. स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून तो मागच्या दाराने बाहेर पडला.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस तो. दिवा वर-खाली करायचा स्क्रू त्याला डोळे मिटूनही सापडला असता. नेस्टरच्या गाडीचे दोन्ही दिवे त्याने पार मातीकडे वळवून ठेवले. अंगणातच नेस्टरला कळेल आणि तालीम बुडेल, एवढीच त्याची अक्कल.

गंमत बघायला म्हणून त्याने त्या दिवशी पडदा उघडा ठेवला. पण कुणाला काही कळलं नाही, गाडी निघाली. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाखाली वळली तेव्हा त्याला दिसलं. स्टिअरिंगवर स्टेफा होती. नेस्टर शेजारी बसला होता.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. त्या रस्त्यावर हरणं उतरतात. ओरेस्टने लायसन्सची पर्वा न करता आपला पिकअप ट्रक काढला. समोरून येणारा प्रत्येक दिवा त्याच्या डोळ्यांत फुटत होता. कडेची पांढरी रेघ धरून तो कसाबसा जात राहिला. तिला काही झालं तर, यापुढे त्याचा विचार जाईना.

नऊ किलोमीटरवर गाडी कडेला उभी दिसली. नेस्टर बॅटरी धरून उभा होता आणि स्टेफा दिव्यापुढे गुडघे टेकून स्क्रू फिरवत होती.

"हरीण अगदी नाकापुढे आल्यावर दिसलं," ती वळून न बघता म्हणाली. "हळू होते म्हणून वाचलो."

"तुला हा स्क्रू कसा सापडला?"

"गॅरेजात तुझ्यासाठी बॅटरी कोण धरत होतं? अख्ख्या गावात हा स्क्रू दोघांनाच माहीत आहे, ओरेस्ट. आणि मी फिरवला नव्हता."

नेस्टर खाकरला. "मला मोतीबिंदू आहे बाबा. उन्हाळ्यापासून हीच चालवते. तुला वाईट वाटेल म्हणून सांगू देत नव्हती."

ओरेस्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो," तो म्हणाला.

स्टेफाने त्याच्या हातातली ट्रकची किल्ली काढून घेतली. "उद्या उजेडात येऊन ने. आता मागे बस."

तो मागे बसला. समोरून गाडी येताच स्टेफाने वेळेवर डिपर दिला. नावं ठेवायला एक चूक सापडेना. नेस्टरने तिच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली, तिने ती तोंडात टाकली.

"येताना पुढे मी बसणार," ओरेस्ट म्हणाला.

"बस की," स्टेफा म्हणाली. "पण यापुढे बॅटरी तू धरायची."